ताईंचं ‘हं!’

४ फेब्रुवारी

कंबर गेली! चादरींचं ओलं गाठोडं उचलताना अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. एकटीनं उचलायचं नाही हा आमच्या लाँड्रीचा नियम. एका टोकाला थोरल्या जाऊबाई, म्हणजे ताई, दुसऱ्या टोकाला मी. त्यांनी ‘हं!’ म्हटलं की दोघींनी श्वास धरायचा, पोट आवळायचं आणि उचलायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच. आज त्या गिऱ्हाइकाशी बोलत होत्या. म्हटलं, थांबायचं कशाला? भोगा आता!

७ फेब्रुवारी

मणक्यातली गादी सरकलीय. पायाकडे जाणारी शीर दाबली जातेय. डॉक्टर म्हणाले, “आधी ऑपरेशनशिवाय बघू. मशीननं मणका हळूहळू ताणायचा, सोडायचा. फरक नाही पडला तर मग सर्जन.”

मला सुरीची भयंकर भीती वाटते. इथे लिहून टाकते, बाहेर सांगणार नाही.

ताईंना न सांगताच कळलं. “मी येणार रोज सोबत.” आणि दुकान? “दुकान काय पळून जातंय?”

९ फेब्रुवारी

एक पट्टा छातीला, एक कमरेला. टेबलाचा खालचा भाग सरकतो, कमरेला ओढ बसते, मग सुटते, परत ओढ. थेरपिस्ट मुलगी गोड आहे. “काकू, अंग एकदम सैल सोडा. आवळलंत तर मणका मोकळा होणार नाही.” ताई उशाशी खुर्ची घेऊन बसल्या. माझ्यापेक्षा त्यांचाच चेहरा ताणलेला!

१५ फेब्रुवारी

फरक शून्य.

२० फेब्रुवारी

पायात मुंग्या तशाच. मुलगी म्हणते, “काकू, तुम्ही दर वेळी आवळता.” मी मुद्दाम कशाला आवळेन? माझी काय हौस आहे!

ह्यांनी विचारलं, कसं वाटतंय? म्हटलं, छान. खोटं बोललेलं ह्यांना लगेच कळतं. दिवसभर टेम्पो चालवून दमलेले, तरी गरम पाण्याची पिशवी आणून दिली. रडूच आलं मला.

२२ फेब्रुवारी

धुलाईचं मशीन बिघडलं, दुरुस्तीवाला यायचा होता, म्हणून ताई दुकानात थांबल्या. मी एकटीच गेले. आणि काय सांगू, टेबलावर चक्क झोप लागली! घोरत होते म्हणे! उठले तर पाय हलका.

२४ फेब्रुवारी

सापडलं! आज ताई परत खुर्चीत. मशीननं ओढ घेतली आणि उशाशी हळूच आवाज — ‘हं!’ झालं! श्वास धरला, पोट आवळलं, कंबर दगडासारखी. परत ओढ, परत ‘हं!’ त्यांच्या स्वतःच्या लक्षातही नाही. बिचाऱ्या बसल्या जागी माझं ओझं उचलू बघतायत.

हसावं की रडावं? पण आता सांगायचं कसं? सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं त्यांनी माझं केलंय. आणि नाही सांगितलं तर सर्जन.

२५ फेब्रुवारी

सांगितलं. ताई नीट जेवल्यासुद्धा नाहीत. “म्हणजे मीच तुझं दुखणं वाढवत होते?” एवढंच बोलल्या. गोड बोलून सांगता आलं असतं. माझ्या मेलीच्या जिभेला हाड नाही!

२६ फेब्रुवारी

निघाले तर दारात ताई, चपला घालून तयार. क्लिनिकमध्ये खुर्चीत बसल्या, रुमालाची घडी केली आणि दातांत धरली. अळीमिळी गुपचिळी! मशीननं ओढलं, त्यांचे डोळे हे एवढे मोठे झाले, पण आवाज नाही. मला इतकं हसू फुटलं की मुलीला मशीन थांबवावं लागलं.

मग मात्र अंग सुटलं. माझा हात त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवला होता.

१२ मार्च

जिना न थांबता चढले! डॉक्टर म्हणाले, सर्जनकडे जायचं काम नाही. व्यायाम करा, ओझं मात्र एवढ्यात नको. दुखणं येतं हत्तीच्या पावलानं आणि जातं मुंगीच्या पावलानं. निघाली बाई एकदाची मुंगी!

क्लिनिकमधून निघताना ताई माझ्याच खांद्याला धरून उठल्या. म्हटलं, ताई, पेशंट कोण? खूप हसल्या. वाटेत विचारलं, एवढे दिवस गाठोडी कोण उचलतंय? “होतंय गं, धाकटे. तू तुझं बघ.”

१९ मार्च

आज टेबलावर ताई. उशाशी मी. रुमाल माझ्या दातांत.