नऊ नंबरचा बिल्ला

सोमवार, ३ एप्रिल. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. कोल्ड स्टोरेजच्या फाटकाशी बसून या रोजनिशीला पुठ्ठा घालतो आहे.

नोकरी लागली! आठवीत शाळा सुटली, पण शुद्धलेखन आणि पाढे सुटले नाहीत. ते आज कामाला आले. थंड खोलीच्या दाराबाहेर एक फळी आहे, तिला वीस खिळे. आत जाणाऱ्याने आपल्या नंबराचा पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, बाहेर आला की काढून घ्यायचा. फळी रिकामी झाल्याशिवाय दार लावायचे नाही. आत-बाहेरच्या वेळा आणि मालाची ने-आण मी नोंदवहीत मांडायची. आत उणे अठरा, बाहेर घामाच्या धारा. दाराची आतली कडी तुटलेली दिसली. ‘दुरुस्त करावी’ असे पहिल्याच पानावर लिहिले.

मुकादमांना सगळे दादा म्हणतात. सात वर्षांपूर्वी अमोनियाचा पाइप फुटला, तेव्हा त्यांनी उघड्या हाताने व्हॉल्व्ह बंद केला. चौदा माणसे वाचली, दादांची तीन बोटे गेली. जेवणघरात त्यांचा फोटो लावला आहे. मला म्हणाले, तू आता आमचा, घाबरायचं नाही. नशीब काढले मी.

गुरुवार, ६ एप्रिल. दुपारी एक.

हमालांनी माझे नाव ‘मोजपट्टी’ ठेवले. ठेवोत.

नऊ नंबरचा बिल्ला कुणाकडेच नाही. स्वयंपाकाच्या मावशींना विचारले. म्हणाल्या, नऊ नंबरवाला हमाल फेब्रुवारीत पळाला, चार लोकांचे पैसे बुडवून. जेवताना त्याचं नाव काढू नकोस. बायकोला कंटाळला असेल, असे एक हमाल बोलला आणि सगळी पंगत हसली. दादा हसले नाहीत. ताट अर्धे टाकून उठले.

सोमवार, १० एप्रिल. संध्याकाळी साडेसहा.

नऊ नंबरची बायको सहाला फाटकाशी आली. दर सोमवारी येते म्हणे. तिचे एकच मागणे: त्या दिवशी ते बाहेर पडले, एवढं वहीत दाखवा, मी परत येणार नाही. जुनी नोंदवही काढली. आत गेल्याची वेळ ४.२०. बाहेरचा रकाना कोरा.

दादांनी मला बाजूला घेतले. आधीचा कारकून वेंधळा होता, म्हणाले. तुझं अक्षर सुबक आहे, ५.१० लिहून टाक, बिचारीचा जीव थाऱ्यावर येईल.

मी लिहिले. तिने दोनदा वाचले आणि गेली. अक्षर छान आले होते, याचीच लाज वाटते.

मंगळवार, ११ एप्रिल. सकाळी साडेसात.

नवव्या खिळ्यावर बिल्ला. उन्हाने फळी तापलेली, आणि बिल्ल्यावर बर्फाची साय. दादांनी तो माझ्यादेखत गटारात फेकला.

गुरुवार, १३ एप्रिल. सकाळी साडेसात.

पुन्हा तोच. त्यावर गटाराचा गाळ, गाळावर बर्फ.

मावशींना सांगितले तर माझ्यावरच उखडल्या. ज्याच्या जिवावर चौदा घरच्या चुली पेटतात, त्याच्यावर चिखल उडवतोस? कालचं पोर तू!

नोंदवही मात्र खोटे बोलत नाही. सहाव्या रांगेचे खोके फेब्रुवारीपासून हललेले नाहीत. त्यांना हात लावायचा नाही, हा दादांचा हुकूम.

शनिवार, १५ एप्रिल. दुपारी चार.

दादांनाच विचारले. त्यांनी सगळे सांगितले. त्या दिवशी गाड्या खोळंबल्या होत्या, मालक ओरडत होता, फळीकडे न बघता त्यांनी दार लावले. सकाळी उघडले तेव्हा सगळे संपले होते. चौदा जणांचा दादा एकाला विसरला, हे कोणत्या तोंडाने सांगू, म्हणाले. म्हणून आधी बिल्ला लपवला. मग पळाल्याची आवई उठवली, मग पैसे बुडवल्याची.

ढसाढसा रडले. मला दया आली, पण संताप तिला पुरून उरला. चूक पोटात घातली असती. मेलेल्याला चोर ठरवला! आणि वर ५.१० माझ्या हातून! सोमवारी तिला खरे सांगणार, असे तोंडावर सांगितले.

सोमवार, १७ एप्रिल. दुपारी तीन. आत.

दादा म्हणाले, तिला सांगण्याआधी सहाव्या रांगेमागे तूच बघ, मी दारात उभा आहे. चौदा जणांसाठी बोटे दिलेला माणूस दारात उभा. मग भीती कसली? मलाही तसेच वाटले. मलाही! बिल्ला अडकवून आलो. खोके बाजूला केले. तो आहे. गुडघे पोटाशी —

फळीवरून बिल्ला काढल्याचा आवाज आला. माझा. मग दार.

साडेतीन — दिवाही बाहेरून बंद केला. विजेरी आहे. कडी — लिहिले होते, पहिल्याच पानावर —

चार — पेन गोठले. पेन्सिल. दाराला कान लावला. तो पलीकडे रडतो आहे. रडतोस काय, हरामखोरा, उघड! तुझ्या फोटोला —

घड्याळ थांबले. सहाला ती येईल. तिला दाखवा — जुन्या नोंदवहीतले ५.१० खोटे आहे. मी लिहिले. तो बाहेर आलाच नाही.

उद्या मलाही पळपुटा म्हणतील. म्हणून —

खर्च: पुठ्ठा १०. पेन्सिल ५.
देणे: मावशींचे जेवण २८०. चहा ३५.
येणे: चौदा दिवसांचा पगार. त्यातून भागवा. मी पळालो नाही.

शेजारी कुणीतरी सरकून बसले. म्हणतो, माझंही लिही, तुझं अक्षर चांगलं आहे —

नऊ नंबर. देणे: काही नाही. कुणाचेच नाही.
येणे: एकोणीस दिवसांचा पगार, आणि