चौकटीत न मावलेला मजकूर

सोमवार, ४ नोव्हेंबर
एकाहत्तराव्या वर्षी पुन्हा वर्गात बसलो! शाहपुऱ्यातला, संगणकावर पुस्तकाची पानं मांडायला शिकवणारा अर्धवेळ वर्ग, दुपारी तीन ते पाच. शिकवणाऱ्या योगिनीबाई मुलीच्या वयाच्या. मला काकाजी म्हणतात. निघताना सुशीलेने विचारलंच, की डबा देऊ की नुसती पाटी-पेन्सिल पुरे? पडद्यावर पांढरं पान उघडलं आणि अमरावतीच्या शाळेतल्या कोऱ्या वहीचा वास आला. सरावाला 'आमचा कवितेचा तास' हा लेख घेतलाय. गुरुजी टेबलावर ताल धरत, खिडकीत चिंच डोलत असे... छापून सुशीलेला देणार. पन्नास वर्षं बिचारी हेच तोंडी ऐकतेय.

गुरुवार, ७ नोव्हेंबर
लेख संपला, तरी चौकटीच्या कोपऱ्यात बेरजेचं लाल चिन्ह. बाईंनी समजावलं, की मजकूर चौकटीत मावला नाही की उरलेला आत दडतो. चिन्हावर क्लिक करून तो पुढच्या पानावर ओतायचा. ओतला. दोन ओळी आल्या. मी लिहिलेल्या नव्हेत, पण वळण माझंच: 'सकाळी समई सुशीलेच्या हातून निसटली. पायाचा अंगठा ठेचला.' डुलकीत टाइप केलं असेल. वय!

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
समई निसटली. अंगठा ठेचला. हळद दाबताना सुशीला हसत म्हणाली, की नवरा कॉलेजात जायला लागला, मग बायकोचं ध्यान थाऱ्यावर कसं राहील? मला हसू आलं नाही.

सोमवार, ११ नोव्हेंबर
लाल चिन्ह पुन्हा. ओतायला नको होतं. ओतलं. एकच ओळ: 'दुपारी तिचा उजवा हात उचलेना.'
वर्गातून रिक्षाने बाग सेवनियाला घरी धावलो. ती खुर्चीत, हात मांडीवर ठेवल्यासारखा. डॉक्टर म्हणतात, झटका सौम्य आहे. मी त्यांना काय सांगू?

बुधवार, १३ नोव्हेंबर
वर्गात जाऊन फाइल पुसली. नवी उघडली. एक अक्षर टाइप केलं नाही— तरी लाल चिन्ह.
ओतायचं नाही. पानावर आलं तरच घडतं. आत दडलंय तोवर ती आहे.
डाव्या हाताने चहा ढवळते. कप सांडला की माझ्याकडे बघून लाजते.

गुरुवार, १४ नोव्हेंबर, दुपार
वर्गाला गेलो नाही. आता योगिनीबाईंचा फोन. म्हणाल्या, काकाजी, टेन्शन नका घेऊ, ते लाल निशाण मीच काढून टाकलं. सगळा मजकूर पुढच्या पानावर घेतला. शेवट वाचून रडूच आलं म्हणे.
शेवट काय, विचारलं. हसल्या. काकूंच्या मोबाइलवर पाठवलाय, सरप्राइज—

बाहेरच्या खोलीत सुशीला मोठ्याने वाचतेय. कविता म्हणावी तशी, चालीवर. मध्येच हसून सांगतेय, अहो, यात मी तुमचा लेख वाचत बसलेय आणि तुम्हाला जागचं हलता येत नाही, असंही लिहिलंय!
हाक मारतोय. आवाज फुटत नाही. पाय उचलत नाहीत— नुसता लिहिता हातच चालतोय—
वाचू नकोस, सुशीला—
अजून वाचतेय. हळू झाली. एकेक शब्द—
आता फक्त