कुसुमची खाडाखोड

पुसद, मंगळवार संध्याकाळ

कुसुमला जाऊन वर्ष झालं. आज तिचे कागद न्यायला नागपूरहून ग्रंथालयाची माणसं आली. कविता, तिने वर्तमानपत्राला दिलेल्या बातम्यांची कात्रणं, सगळंच. मी आवरायला गेले होते. तिची खाडाखोडसुद्धा ते हातमोजे घालून उचलत होते. खाडाखोड! आम्ही दोघी बरोबरच लिहायला लागलो. मग माझे कागद कोणी कसे मागत नाही? ती जास्त चांगलं लिहायची म्हणून? हो, लिहायची. तेच तर खुपतं.

निघताना तिची मुलगी म्हणाली, "मावशी, आईच्या स्मरणाच्या कार्यक्रमात तिच्या कविता तुम्हीच वाचा नं. आईले तुमचा आवाज लय आवडे."

"वाचीन," म्हटलं. आधी माझी एक वाचणार आहे, हे मात्र तिला सांगितलं नाही.