बॉयकॉट हे कुणाचं तरी आडनाव होतं, सर

सर, तुम्हाला माझा संशय होता का, एवढंच विचारायचंय. तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली, तेव्हा उत्तर येणार नाही हे कळतं मला. पण आज इथं परदेशात, मी काम करतो त्या माउंट वेलिंग्टनच्या गोदामात असं काही झालं की दहावी ब डोक्यातून जाईना.

इंग्रजीच्या तासाला तुम्ही हजेरी घेताय, नेहमीसारखी आडनावांनी, आणि कोणीच ‘हजर’ म्हणत नाही. पन्नासेक पोरं समोर बसलेली. एकेक आडनाव घेऊन तुम्ही वर बघता, थांबता, पुढचं घेता. माझ्या आडनावाशी जरा जास्तच थांबलात, निदान मला तरी तसं वाटलं. नावं संपल्यावर कॅटलॉग मिटलात आणि रागवायचं सोडून फळ्यावर इंग्रजीत ‘बॉयकॉट’ लिहिलंत. "हे आडनाव आहे," म्हणालात. "आयर्लंडमधल्या एका जमीनदाराच्या कारभाऱ्याचं. कुळांना जमिनीवरून काढायला निघाला, तर गावानं त्याच्याशी बोलणंच सोडलं. मजूर शेतात जाईना, दुकानदार माल देईना. शेवटी तो गेला निघून, आडनाव मात्र राहिलं. आता ते कुणालाही लावतात, तुम्ही मला लावलंत." मग अगदी साध्या आवाजात, "त्यानं काय केलं होतं, ते गावाला माहीत होतं. मी काय केलं, सांगेल कोणी?" मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलं, "चहाडखोर." तुम्हाला ऐकू गेलं, कारण खडू ठेवताना तो खाली पडला.

सराव परीक्षा बुडवून आम्ही अकरा जण शेजारच्या गावी मॅच खेळायला गेलो होतो, आणि दुसऱ्याच दिवशी हेडसरांकडे अकराच्या अकरा नावं. तुम्हीच दिली असणार, असं वर्गानं ठरवलं. आठ दिवस आम्ही गप्प. नवव्या दिवशी तुम्ही स्वतःहून आठवीचे तास मागून घेतलेत. पुढं निकालानंतर स्टँडवर भेटलात, मला उसाचा रस पाजलात, आणि म्हणालात, "तू एका जागी बसणारा नव्हेस. फीर, पण कुठं आहेस ते कळवत जा." रस पितानाही मी हिशोब करत होतो, हे गोड वागणं कशासाठी? यांना कळलंय की काय?

इथलं सांगतो. आमच्या गोदामात सकाळी दहाला सगळे एका टेबलाशी चहाला बसतात. तीन आठवड्यांपूर्वी तिथल्या फ्रीजवर एक यादी लागली. त्यात माझं नाव, पुढं तारीख, वर मथळा काही नाही. माणसं कमी करणार अशी कुजबुज होतीच. म्हटलं, झालं, आपला नंबर लागला. तेव्हापासून मी डबा घेऊन बाहेर पार्किंगमध्ये बसायला लागलो. आत हसले की वाटायचं, माझ्यावरच. माझी तारीख आली नि गेली, मला कोणी काढलं नाही. मग वाटलं, आता छळून घालवणार. (डबा नसेल तर कोपऱ्यावरच्या डेअरीतून पाय आणतो, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री. डेअरी म्हणजे दुधाची नव्हे हो, वाण्याचं दुकान. असो.) आज आमची सुपरवायझर, एक माओरी बाई, बाहेर माझ्याजवळ येऊन बसली.

"रागावलायस का आमच्यावर, ब्रो?"

"मी? तुम्हीच बोलत नाही माझ्याशी."

"तू इथं बसतोस. आम्ही काय खिडकीतून ओरडायचं?"

मग मी यादीचं विचारलं. बाई इतकी हसली की तिच्या कपातला चहा सांडला. "अरे, ती शुक्रवारच्या खाऊची पाळी! ज्याची पाळी त्यानं सगळ्यांसाठी आणायचं. तुझ्या शुक्रवारी आम्ही नुसता चहा प्यालो. फोर्कलिफ्टवाला म्हातारा तर तू करी आणशील म्हणून घरून न खाता आला होता."

म्हणजे तीन आठवडे बॉयकॉट मीच घातला होता, सर, आणि कशासाठी, ते त्या बिचाऱ्यांना माहीतही नव्हतं. नावांची यादी दिसली की मला ती शिक्षेचीच वाटते, कारण तसली एक यादी मी स्वतः दिली आहे. हेडसरांनी मला एकट्याला बोलावलं, बापाला सांगतो म्हणाले, आणि मी घडाघडा नावं सांगितली. आपलंही सांगितलं, म्हणजे कोणाला संशय नको. मग वर्गात येऊन म्हणालो, "इंग्रजीच्या सरांनी सांगितलं, मी ऐकलं."

तुमचा पत्ता पाठ आहे. तुमच्यामागं काकू अजून तिथंच राहतात, पत्र त्यांना मिळेल. पाकीटही आणलंय. पण ते चिकटवताना माझ्या डोक्यात काकू आल्या नाहीत, तुम्हीही नाही. पहिला विचार आला तो हा, की काकूंकडून वर्गातल्या कोणाच्या कानावर गेलं तर?