मैनेचा पडलेला गाभ

६ जानेवारी २०२५

माफी असावी. पंधरा दिवस वहीला हात लावला नाही. लिहिलं असतं तर खरं लिहावं लागलं असतं.

रुपालीला, आमच्या सुनेला, अठरा दिवस ताप. संध्याकाळी चढतो, पहाटे घामाने गादी भिजते. कंबर अशी धरलीय की माझ्या मुलाने, देवेशने, हात दिल्याशिवाय उठवत नाही. आज डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला सांगितलं. विचारलं, घरात गुरं आहेत का? देवेश म्हणाला, एक म्हैस आहे, मैना, बाबांची. बाईंनी विचारलं, तिचा गाभ वगैरे पडला होता का? देवेशने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, नाही. व्यायली. रेडकू तेवढं गेलं.

खोटं!

७ जानेवारी

मैनेचा गाभ नोव्हेंबरात पडला, आठव्या महिन्यात. पहाटे मी एकट्यानेच खाडीकडे नेऊन पुरला. गुरांच्या डॉक्टरला बोलावलं नाही. शेजारच्या इमारतीतले टॉवरवाले वासाची तक्रार करतात, आणि देवेश आधीच बोललेला, "आणखी एक भानगड झाली ना बाबा, तर म्हैस विकणार." जमीन गेली, मिठागर गेलं. हे एकच जनावर उरलंय. म्हणून गप्प बसलो.

मैनेला दूध मात्र आलं. रोज सकाळी धार काढली की पेला तसाच कोमट रुपालीच्या हातात. उकळलं की ताकद जाते, हे माझं म्हणणं. ती नाक मुरडायची — बाबा, मैनेला विचारता तेवढं मला पण विचारा ना कधी, मला चहा हवाय. तरी प्यायची. माझा मान राखायला.

९ जानेवारी

गुरांपासून लागणाऱ्या तापाचा रिपोर्ट निगेटिव्ह! देवेशने मोबाईलवर दाखवला. मी गोठ्यात जाऊन मैनेच्या पाठीवर हात फिरवत बसलो. रिपोर्ट तिचाच आला असं वाटलं.

१० जानेवारी

रुपालीला पुन्हा पेला दिला. अशक्तपणा भरून यायला हवा.

१७ जानेवारी

ताप हटत नाही. क्षयाची तपासणी झाली, मणक्याचा फोटो झाला. आज दवाखान्याच्या बाकावर देवेश रडला. चाळिशीचा माणूस. मला बघवेना. उठून आत गेलो आणि बाईंना गाभाचं सांगितलं. कच्च्या दुधाचंही. रुपाली तिथेच खाटेवर होती, तिने सगळं ऐकलं.

बाई रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं. पुन्हा रक्त घेतलं, लॅबला फोन करून म्हणाल्या, या वेळी खूप पातळ करून बघा.

१९ जानेवारी

पॉझिटिव्ह. भरपूर. गाभ टाकलेल्या जनावराच्या कच्च्या दुधातून लागतो तोच ताप.

बाईंनी समजावलं — आजाराशी लढणारं जे काही रक्तात तयार होतं, ते कधी कधी इतकं वाढतं की साध्या तपासणीत दिसतच नाही. रक्त पातळ केलं की दिसतं. मिठागरातही पाणी फार दाट झालं की मिठाचा खडा नीट धरत नाही, तसंच काहीसं असेल. मी विचारलं, मग पहिल्याच वेळी पातळ का नाही केलं?

"आजोबा, प्रत्येकाचं तसं करत नाहीत. शंका असली तर करतात. शंका येऊ नये असंच तुम्ही सांगितलं होतं."

माझंही रक्त बघितलं. मीही पॉझिटिव्ह. ताप नाही, दुखणं नाही. जन्मभर गुरांत आहात, जुनं असेल, म्हणाल्या. किती जुनं ते रक्तावरून कळत नाही म्हणे.

औषधं सुरू झाली. सहा आठवडे घ्यायची. रुपाली माझ्याशी बोलत नाही. कशाला बोलेल?

२० जानेवारी

हे वहीलाही सांगितलं नव्हतं. नऊ तारखेला, रिपोर्ट चांगला आला त्या आनंदात, मी मानपाड्याला माझ्या मुलीकडे, कल्पिताकडे, दुधाचा डबा धाडला. मग रोज धाडला, सतरा तारखेपर्यंत. तिला पाचवा महिना आहे. उकळू नकोस, असंच पी, हे मीच सांगितलं होतं.

सकाळी फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रक्त तपासायला देऊन येते."

पोरी, निगेटिव्ह आलं तरी गप्प बसू नकोस. डॉक्टरला म्हैस सांग, गाभ सांग, माझं नाव सांग. थोड्या दिवसांनी तपासणी पुन्हा करायला लाव. आणि काय असेल ते लवकर कळव गं.