पेटीतली वालाची जुडी

यवतमाळ,
२ डिसेंबर २०२४

ती. विमलताईंस पद्मजाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी ओरडून सांगितलं तर गल्लीला कळतं, तेव्हा आपली पत्रंच बरी. घरामागे एवढी बाग असताना पद्मजा भाजीची पेटी विकत घेते, म्हणून तुम्ही माझी चांगलीच खरडपट्टी काढलीत. पण पेटी मी नाही, स्वानंदने लावली. पुण्यात बसून मोबाइलवर बोट टेकवायचं आणि आईच्या दारात भाजी पाठवायची, एवढीच माझ्या लेकाला सवड आहे. तुमच्या दारव्ह्याकडच्याच शेतकऱ्यांचा गट आहे. दर बुधवारी सकाळी खोका येतो. मेथी, हिरवा वासाचा सांभार, कोबी, कधी भरताची वांगी. नावं ठेवायला जागा नाही.

बाग आहे, हे खरं. पण तुमच्या भावाने ती आषाढात लावली आणि श्रावणात ते गेले. वेल मांडवावर चढायच्या आत माणूस गेला. गेलेल्या माणसाच्या हातच्या पेरणीचं वर्षभर घरात शिजवायचं नाही, ही तुमच्याच घरची रीत ना? तुमचे बापूजी गेले तेव्हा मी नवी नवरी होते. त्यांनी लावलेली परसातली वांगी सासूबाईंनी झाडावर सडू दिली, पण चुलीवर चढवली नाहीत. मी पाहिलं आणि लक्षात ठेवलं. म्हणून बागेला पाणी घालते, पण तोडत काही नाही. वालाच्या शेंगा वेलावरच वाळल्या आहेत. वारा सुटला की खडखडतात. कुणीतरी चप्पल ओढत मागच्या अंगणातून येतंय असं वाटतं, आणि मी हातातलं टाकून बघायला जाते.

आता पुढचं वाचून मला वेड्यात काढू नका. मागच्या बुधवारी पेटी उघडली, तर मेथीखाली वालाची जुडी होती. जांभळ्या कडेची, टोकाला आकडा असलेली. सासूबाईंनी केळापूरहून आणलेल्या बियाण्याचीच. तेवढंच असतं तर सोडून दिलं असतं. पण जुडी वेलाच्याच कोवळ्या शेंड्याने बांधली होती, दोन वेढे देऊन टोक आत खोचलेलं. अशी जुडी मी एकाच माणसाच्या हातची पाहिली आहे. मी ती गाईला घातली आणि दिवसभर मागचं दार लावून बसले. आपल्या बागेतला वेल मात्र जसाच्या तसा होता, एकही शेंग तुटलेली नाही.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
पद्मजा

दारव्हा,
७ डिसेंबर २०२४

चि. पद्मजास अ. उ. आ.

तुझ्या नावामागे गं. भा. लिहायला माझा हात धजत नाही, म्हणून चि. लिहिलं. वयाने तू तशी मला धाकटीच आहेस.

अगं, जांभळ्या कडेचे वाल काय एकट्या माझ्या आईने जन्माला घातले होते? पाच गावांत सापडतील. आणि वेलाने जुडी बांधणारे शेतकरी ढीगभर आहेत, सुतळी का फुकट मिळते? तू एकटी आहेस, जेवत नसशील, म्हणून असं होतं. इकडे कापसाचा दुसरा वेचा चालू आहे, तूर भरात आहे, मला मान वर करायला फुरसत नाही. उसंत मिळाली की येते. तोवर पोटभर जेव, आणि पुढच्या वेळी गाईला घालू नकोस, स्वतः खा.

इथे सगळे तुझी आठवण काढतात, तूही आम्हाला विसरू नकोस.
विमलताई

यवतमाळ,
१९ डिसेंबर २०२४

ती. विमलताईंस सा. न. वि. वि.

तुम्ही थट्टा केलीत, मला राग नाही. पण जुडी त्यानंतरच्या बुधवारीही आली आणि कालही आली. खोका आणणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, की काकू, मी फक्त पोचवून देतो, आत काय भरतात ते मले ठाऊक नाही. यावेळी गाईला घालवेना. ओट्यावर ठेवली आहे. स्वयंपाकघरात गेले की तिच्याकडे पाठ करून उभी राहते.

ताई, मला त्यांची भीती वाटत नाही. इतकी वर्षं ज्याच्या ताटाशेजारी ताट मांडलं, त्याची कसली भीती? ते रागावले असतील, याची वाटते. मी लावून दिलेलं हिच्या तोंडात का जात नाही, म्हणून ते पुढच्या दारातून आणून देताहेत, असं सारखं मनात येतं. मी रीत पाळते ती त्यांच्याचसाठी, आणि त्यांना ती मी केलेली हेळसांड वाटत असेल तर काय करू? रात्री अन्न जात नाही. स्वानंद पुण्याला चल म्हणतो. यंदा हो म्हणायचं ठरवलं आहे. संक्रांत झाली की घराला कुलूप लावीन. बाग वाळून जाईल, हे कळतं. पण इथे माझा निभाव लागत नाही.

लवकर लिहा. तुमच्या अक्षराचा मला आधार वाटतो.
पद्मजा

दारव्हा,
२४ डिसेंबर २०२४

चि. पद्मजास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मला रडू आलं आणि मग तुझा रागही आला. आमच्या घरात असली रीत कधीच नव्हती. कपाशीवर मारायचं औषध उरलं, ते बापूजींनी जाण्याच्या आदल्या आठवड्यात परसातल्या वांग्यांवर मारलं होतं. कुणाच्या पोटात जाऊ नये म्हणून आईने ती वांगी सडवली. सुतकाच्या घरात तुला हे कुणी सांगितलं नाही, आणि नव्या नवरीने विचारायचं कसं, म्हणून तूही विचारलं नाहीस. विषारी वांग्यांची तू रीत करून ठेवलीस आणि तिच्यापायी भरल्या बागेत उपाशी राहिलीस. धन्य आहे तुझी.

आता शेंगांचं. मी आधीच नीट विचार करायला हवा होता. कमलाकर होता तेव्हा दर उन्हाळ्यात मला बियाणं आणून द्यायचा. यंदाचं त्याचं बियाणं आमच्या सूनबाईने, दिपालीने विहिरीकाठी लावलं, आणि ती त्याच गटाला भाजी देते. जुडी बांधायची ती तऱ्हा बापूजींची. त्यांनी आम्हा भावंडांना शिकवली, मी दिपालीला. म्हणजे बियाणं तुझ्या नवऱ्याचं आणि पाणी तुझ्या नणंदेच्या विहिरीचं. यात घाबरण्यासारखं काय आहे?

मागचं दार उघड. वाळलेल्या शेंगा बियाण्याला काढ, हिरव्या असतील त्या वांगं घालून कर. त्याने लावलेलं तू खायचं नाही, तर कुणी खायचं?

जिवाला जप. तुझ्यावाचून मला यवतमाळात माहेर नाही.
विमलताई

पुणे,
२० जानेवारी २०२५

ती. विमलआत्यास स्वानंदचा शि. सा. न.

आत्या, तू काय जादू केलीस कळत नाही. संक्रांतीनंतर इकडे यायला निघालेली आई आता येत नाही म्हणते. मागचं दार उघडलं, वेल झाडून घेतला, वालाची भाजी केली आणि मला ताटाचा फोटो पाठवला. पालक आणि मुळा नव्याने टाकला आहे. तिचा आवाज बाबा असतानासारखा लागतो. मी तिच्यासाठी रिकामी करून ठेवलेली खोली बघून जरा वाईट वाटलं, पण ते असो.

तुला शेतीतलं कळतं म्हणून विचारतो. घरीच एवढं पिकत असताना पेटी चालू ठेवणं परवडतं का? मला तर ती आता उधळपट्टी वाटते. अर्धी भाजी आई शेजारी वाटून टाकते. पण बंद करू म्हटलं की ती विषय बदलते. बुधवारी खोक्यात काय आलं ते बघितल्याशिवाय तिला चहा गोड लागत नाही म्हणे. दिपालीवहिनीच्या शेंगा अजून दर आठवड्याला येतात, तिला माझे आभार सांग. पेटीचं काय करू ते कळव.

आशीर्वादाचा हात डोक्यावर राहू दे.
तुझा,
स्वानंद

दारव्हा,
३० जानेवारी २०२५

चि. स्वानंदास अ. उ. आ.

पेटी बंद करू नकोस.

का, ते तुला सांगते, पण आईला सांगायचं नाही. तुझं पत्र आल्यावर मी दिपालीला तुझे आभार सांगितले, तर तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, की आई, तो वेल तं पोळ्याच्या पावसातच सडून गेलता, एक शेंग लागली नाही; मामा नुकतेच गेले होते, त्यांचं बियाणं आपल्या हातून गेलं म्हणून तुमाले सांगाले भेव वाटलं. मी विहिरीवर जाऊन पाहिलं. मांडव उघडा पडला आहे, बुडाशी काळी काडी तेवढी उरली आहे. तुझ्या आईला मी जे लिहिलं ते खरं समजून लिहिलं होतं रे. चौकशी न करता लिहिलं, एवढंच.

मग दिपालीला घेऊन गटाच्या शेडवर गेले. तिथे कोकिळा नावाची बाई सगळ्या पेट्या भरते. ती म्हणाली, की असा वाल यंदा कोणीच आणला नाही, आणि यवतमाळच्या काकूंची पेटी मी स्वतः भरून चिकटपट्टी लावून देत असतो. ती खोटं कशाला बोलेल?

मी फार विचार केला नाही. करवलाच नाही. तुझी आई जेवते आहे, घरात राहते आहे, तिला ते दिपालीचे वाल वाटतात, तर वाटू देत. घरी पिकणाऱ्याला पेटी परवडते का, असं तू विचारलंस. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं.

कमलाकर माझ्याहून बराच लहान. आई शेतात जायची आणि तो दिवसभर माझ्या कडेवर असायचा. तो गेला तेव्हा मी पोचेपर्यंत त्याला नेलं होतं. म्हणून परवा मीही दिपालीला सांगून एक पेटी लावून घेतली. माझा लेक अक्षय हसतो, म्हणतो, आई, आपलीच भाजी आपल्याच घरी विकत कायले आणून राह्यली? त्याला काय सांगू? खोका मी कुणाला उघडू देत नाही. मेथी बाजूला काढून तळापर्यंत हात घालून बघते. माझ्या पेटीत अजून काही आलेलं नाही.

तुझ्यावर जीव आहेच, तुझाही या म्हातारीवर राहू दे.
आत्या