एसी वाढव

१२ एप्रिल

आज पुन्हा तेच! सकाळी सातला एसी चोवीसवर लावून ड्यूटीला गेले, तीनला परत आले तर यांचं कपाळ तव्यासारखं. एसीवर आकडा चोवीसच. आणि पलंगाजवळच्या थर्मामीटरवर एकतीस! पश्चिमेची भिंत तापते, आणि एसी वर छताजवळ स्वतःपुरती हवा मोजून समाधानाने बंद पडतो. अगदी साहेब लोकांसारखा.

जूनमध्ये यांना विजेच्या खांबावरून पडून दोन वर्षं होतील. मानेखालचं काही हलत नाही हे त्याच दिवशी कळलं. घामही येत नाही, हे पहिल्या उन्हाळ्यात कळलं. नागपूरचे डॉक्टर म्हणाले होते — खोली जेवढी तापेल तेवढे हे तापतील. त्यात आमच्या मूल गावचा उन्हाळा!

ओल्या फडक्यांनी पुसत बसले. पाच वाजता ताप उतरला. डोळे उघडून म्हणाले, "लाइनमनच्या घरचा डबा, करंट भरपूर, अक्कल नाई."

१५ एप्रिल

दिव्यानीचा पुण्याहून फोन. "आई, एसी बदलू नकोस, त्याचं डोकं बदल." स्मार्ट थर्मोस्टॅट म्हणून असतो म्हणे. छोटा डबा. पलंगाजवळची हवा मोजतो, त्याप्रमाणे एसीला हुकूम देतो आणि माझ्या फोनवर आकडा पाठवतो. पोरीने अकरा लिंका धाडल्या.

बसस्टँडवरच्या चौकशी खिडकीत बसून दोन अनाउन्समेंटच्या मधे वाचत होते. लोक काय काय लिहितात! "हॉलची शोभा वाढली." "पाहुण्यांनी कौतुक केलं." आमच्याकडे दिवसातून चार वेळा लाइट जाते, ती आल्यावर हा आपोआप सुरू होतो का — ते एकानेही लिहिलेलं नाही. तेवढ्यात एका म्हातारबाबांनी चामोर्शीची गाडी विचारली आणि मी चोवीस डिग्री म्हणाले. हसले बिचारे.

१८ एप्रिल

चंद्रपूरला पियुषच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन आले. तीन डबे समोर ठेवले त्याने. पहिला काचेचा, गोल, दागिन्यासारखा. पण भिंतीवर जिथे बसवाल तिथलीच हवा मोजणार. उशाशी काय चाललंय त्याला पत्ता नाही. दुसरा लाइट गेली की रुसणार, कोणीतरी येऊन बटण दाबेपर्यंत उठणार नाही. दुपारी एक ते तीन घरात कोण आहे बटण दाबायला? शेजारच्या रुखमाबाई सकाळपासून यांच्याजवळ बसतात, पण एकला त्यांना आपल्या घरी जावंच लागतं.

तिसरा दिसायला अगदी साबणदाणी. पण उशाशी ठेवायला वेगळी डबी, लाइट आली की स्वतः सुरू, आणि बोललेलं ऐकतो. पियुष म्हणाला, "मराठीबी समजते, बाई." मी विचारलं, "कुठली मराठी?" तो हसला. मी नाही हसले.

घरी आल्यावर यांना सगळं सांगितलं. म्हटलं, बोलण्याची भानगड आपल्याला नको, मी फोनवरून करत जाईन. यांनी मान माझ्याकडे वळवली. मग — "तू करशीन. मंग मी काय करू?"

उशा किती, पाणी कधी, टीव्हीवर काय, खिडकी उघडी की बंद — दोन वर्षं सगळं मीच ठरवते. डब्याची लाइट पाहिली, नेट पाहिलं, डबी पाहिली. या माणसालाही काही हवं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लाज वाटली मला.

साबणदाणीच घ्यायची.

२२ एप्रिल

पियुष स्वतः येऊन बसवून गेला. आणि सुरू झाला तमाशा.

हे म्हणाले, "थंडं करून दे बाबू." डबा म्हणतो — माफ करा, मला समजलं नाही.

"गरम होऊन राह्यलं ना!"

माफ करा, मला समजलं नाही.

"मलेबी नाई समजलं," हे म्हणाले. रुखमाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीही हसले. पण यांचा आवाज! खांबाच्या टोकावरून वाऱ्यात ओरडले की खालच्या गल्लीत ऐकू यायचा. आता पलंगापासून दोन हातांवर पोचत नाही.

२३ एप्रिल

माझं मात्र पहिल्या फटक्यात ऐकतो! वीस वर्षं माइकवर तोच सूर — "गडचिरोलीकडे जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावे." डब्याला तेवढीच मराठी येते.

मग ड्यूटीवरून आल्यावर यांची शिकवणी घेतली. श्वास भरून घ्यायचा. एकेक शब्द सुटा. 'कर' म्हटलं की थांबायचं, पुढे 'ना बाबू' नाही. हे म्हणाले, "आता घरातबी फलाटावर उभं राहून बोलू काय?" पण शिकले. सातव्यांदा म्हणाले, "तेवीस. कर." आणि एसी टिकदिशी वाजला. वारा सुटला.

डोळे मिटून यांनी वारा तोंडावर घेतला. मग म्हणाले, "दोन वर्सांत पयल्यांदा माह्या म्हनन्यानं कायतरी झालं व, साधना."

मी चहा ठेवायला म्हणून उठले आणि ओट्याशी उभी राहून रडले.

२७ एप्रिल

चार दिवस ताप नाही! हे डब्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलतात.

३ मे

बढतीचा कागद आला. चंद्रपूर. मोठी खुर्ची, रोजचं जाणं-येणं, दहा-दहा, अकरा-अकरा तास बाहेर. मी नकार लिहून दिला. यांना सांगितलं नाही. सांगून काय होणार?

७ मे

रुखमाबाईंनी यांना बढतीचं सांगितलं! त्यांची सून आमच्या डेपोत झाडलोट करते, तिच्याकडून कळलं असणार. त्यांचा काही वाईट हेतू नव्हता.

मी आले तर हे वाटच पाहत होते. "काऊन नाई सांगतलं मले?"

मी दमलेली. लग्नसराईची गर्दी, घसा बसलेला, पाय सुजलेले. म्हटलं, "सांगून तुम्ही काय करणार होतात?"

झालं. निघून गेलं तोंडातून. यांचा चेहरा पाहिला आणि वाटलं, जीभ हासडून टाकावी. नंतर तीनदा माफी मागितली. "जाऊ दे. खरंच बोलली तू," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

११ मे

आले तेव्हा खोली तीसवर. यांचं अंग भाजत होतं, डोकं ठणकत होतं, बोलताना शब्द जड. फोनवर धोक्याची सूचना आलेली, पण खिडकीसमोर ही गर्दी, फोन ड्रॉवरमध्ये! बगलेत बर्फ, अंगावर ओली चादर. साडेपाचला डोळे नीट उघडले.

डब्यावर आकडा तीस. का?

१२ मे

कळलं! मीच मूर्ख. विचारलं, काल काय म्हणालात त्याला? म्हणाले, "एसी वाढव, असंच म्हनलं असंन."

आपल्याकडे एसी वाढव म्हणजे काय? गारवा वाढव! अख्खं मूल हेच बोलतं. आणि हा शहाणा आकडा वाढवतो. चोवीसचे सव्वीस, सव्वीसचे अठ्ठावीस! ज्याने हा डबा बनवला त्याला मे महिन्यात एकदा आमच्या पश्चिमेच्या भिंतीला बांधून ठेवायला हवं.

यांना बजावलं — वाढव नाही, कमी नाही, फक्त आकडा. लहान पोरासारखं घोकून घेतलं. बावीस कर. तेवीस कर. चालू कर. बंद कर. सगळं स्वच्छ म्हणून दाखवलं. रुखमाबाई म्हणाल्या, "अंकुशभाऊ तं आता टीव्हीवर बातम्या सांगतीन." हे हसले नाहीत. थकले असावेत.

१६ मे

सगळं ठीक. जेवण कमी झालंय यांचं.

१९ मे

आज लिहायचं त्राण नाही. पण लिहिते.

दीडला फोन वाजला. खोली एकतीस, एसी बंद. मी लगेच फोनवरून चालू केला, बावीसवर. मिनिटभरात पुन्हा बंद! पुन्हा चालू केला. पुन्हा बंद! माइकसमोर उभी राहून, रांग खोळंबलेली, मी फोनवर बोट मारतेय आणि तो डबा बंद करतोय. तीन वेळा, चार वेळा! आकडा चौतीस. मी रुखमाबाईंना फोन लावला, त्या जेवणावरून उठून खरकट्या हाताने धावल्या. दार उघडलं तेव्हा हे अर्धवट शुद्धीत. त्यांनी पाण्याची बादलीच ओतली अंगावर. मी रिक्षाने पोचले. दवाखाना, सलाइन, सगळं.

आता उतरलंय. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर...

हे डोळे मिटून म्हणाले, "मशीन बिघडली असंन."

उद्या त्या पियुषची गय करणार नाही. डबा त्याच्या डोक्यात घालून येते!

२० मे

दुपारी रुखमाबाईंना यांच्याजवळ बसवून चंद्रपूरला गेले. चार गिऱ्हाइकांसमोर पियुषला वाटेल ते बोलले. माणूस मेला असता म्हटलं, तू काय विकतोस कळतं का तुला? पोरगा पांढरा पडला. "बाई, तुमच्या ॲपमध्ये सारं लिहून राह्यते. कोनी केव्हा काय म्हनलं तेबी. आपन पाहून घेऊ ना एक डाव." माझ्या फोनवर त्याने यादी उघडली. इतके दिवस माझ्याच हातात होती ती. मी कधी पाहिली नाही.

काल, एक वाजून बारा मिनिटं. आवाज — बंद कर.
एक बत्तीस. फोनवरून चालू.
एक तेहेतीस. आवाज — बंद कर.
फोनवरून चालू.
आवाज — बंद कर.

खाली तेच. म्हणजे मी त्या डब्याशी भांडत नव्हते. आम्ही दोघं भांडत होतो. मी बसस्टँडवरून, हे पलंगावरून.

पियुषला अजून समजलं नव्हतं. "आवाजबी राह्यते," म्हणत त्याने बोट लावलं. भर दुकानात यांचा आवाज आला. श्वास भरून घेतलेला. एकेक शब्द सुटा. "बंद. कर." कुठेही अडखळणं नाही. मी शिकवलं होतं अगदी तसं.

त्याने घाईने फोन उलटा ठेवला. एक बाई मिक्सर पाहत होती, ती पाहायची थांबली. पियुष म्हणाला, "बाई, पानी पिता काय?"

अकरा तारखेचंही तिथेच होतं. एक वाजून पाच — एसी वाढव. ते चुकून, हे मी आजही शपथेवर सांगेन. मग दहा मिनिटं काही नाही. खोली तापत असणार, आणि का तापतेय ते यांच्या लक्षात आलं असणार. मग एक पंधरा — एसी वाढव. एक सोळा — एसी वाढव.

परतीची बस चिचपल्लीच्या जंगलातून येत होती. सगळीकडे पळस, मोह, उन्हाने वाळलेलं गवत. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. कंडक्टर ओळखीचा, तिकिटाला आला आणि काही न विचारता पुढे गेला.

२१ मे

रजेचा अर्ज दिला. यांना काही बोलले नाही.

२२ मे

पियुषचा फोन. आवाज अगदी हळू. म्हणाला, त्या डब्यात कुलूप असतं, बाई. वीस ते पंचवीसच्या बाहेर जाणार नाही, बंद होणार नाही. पासवर्ड तुमच्याकडे राहील.

तासभर फोन हातात धरून बसले. एवढी एकच गोष्ट यांच्या हातात होती — हातात कसली, तोंडात. तीही मीच आणून दिली, मीच काढून घेऊ? आणि नाही घेतली तर? मला यांचा राग येतोय. फार राग येतोय! मला विचारलं का? इतकी वर्षं पुसलं, भरवलं, कूस बदलली, ती काय नोकरी म्हणून? त्या दिवशीचं ते एक वाक्य धरून बसले आणि बाकीचं सगळं विसरले? आणि मग वाटतं, ते वाक्य मीच बोलले होते.

दिव्यानीला फोन लावला. ती रडत रडत म्हणाली, "लाव आई. लाव. मी येते."

कुलूप लावलं. बढतीसाठी पुन्हा अर्ज करायचा की नाही, ते यांच्यासोबत बसून ठरवायचं. मी एकटीने नाही. यापुढे एकटीने काहीच नाही.

२३ मे

सकाळी यांच्या उशाशी बसून सांगितलं. यादी पाहिली हे, आणि कुलूप लावलं तेही. वाटलं होतं भांडतील, तोंड फिरवतील. पण यांनी मानेनेच मला जवळ बोलावलं.

"बरं केलं व," म्हणाले. "रोज एक वाजता रुखमाबाई दार लोटून जाये, अन् मले माह्याच जिभेचं भेव लागे."